लेपर्ड गेकोने अंडी घातली आहेत, उबवायची कशी? (तातडीने मदत हवी)

पालवी | १४ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन माफ करा.

आम्ही ऑस्टिनला असतो. मुलगा बारा वर्षांचा. जानेवारीत ओळखीतल्या एका कुटुंबाला गाव सोडायचं होतं म्हणून त्यांचा लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आम्ही घेतला. "नर आहे, काही त्रास नाही" असं सांगून दिला होता. मुलाने नाव ठेवलं शेरखान. परवाच्या ११ तारखेला सकाळी त्याच्या ओल्या मॉसच्या डब्यात दोन पांढरी अंडी! शेरखानची त्याच दिवशी शेवंती झाली.

अंडी साधारण भिजवलेल्या खारकेएवढी आहेत. कवच कडक नाही, चामड्यासारखं. मी ती चमच्याने उचलून कापसावर ठेवली आणि डबा फ्रिजवर ठेवला, तिथे जरा ऊब असते. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, रोज फिरवत जा, नाहीतर पिल्लू एका बाजूला चिकटतं. म्हणून काल आणि आज फिरवली. आज एक अंडं किंचित चेपल्यासारखं दिसतंय, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली (हसू नका).

नर नसताना अंडी कशी? यातून पिल्लं येतील का? मुलगा शाळेतून आल्यापासून डब्यासमोरून हललेला नाही.

खुडूक_कोंबडी | १४ मार्च, रात्री ९:५८

पालवी, आधी हे कर, बाकीचं मग वाच. फिरवणं बंद. आत्ता जी बाजू वर आहे तिच्यावर शिसपेन्सिलीने हलकी फुली मार. पेन नको, मार्कर नको. यापुढे ती फुली कायम आभाळाकडे.

दुसरं, कापूस काढ. कापूस अंड्यातलं पाणी ओढतो, म्हणून चेपलंय. आत्ता घरात काही नसेल तर पेपर टॉवेल ओला करून घट्ट पिळ आणि झाकणाच्या डब्यात त्याच्यावर अंडी ठेव. एक रात्र निघेल. उद्या बागकामाच्या दुकानातून व्हर्मिक्युलाइट (कुंडीत ओल धरून ठेवायला घालतात ते हलकं खनिज) आण. खत मिसळलेलं घेऊ नकोस.

फ्रिजवरून उतरव. दार उघड-बंद होताना हादरे बसतात आणि कॉम्प्रेसर चालू-बंद होईल तशी तिथली ऊब वर-खाली होते.

पालवी | १४ मार्च, रात्री १०:२०

केलं. फुली मारताना हात थरथरत होता. फिरवल्यामुळे मेली असतील का?

खुडूक_कोंबडी | १४ मार्च, रात्री १०:४५

मेलीच असं नाही. पहिल्या दिवसभरात फिरलं तर बहुधा काही होत नाही, नंतर धोका वाढत जातो. माझ्या हातून एकदा चौथ्या दिवशी डबा उपडा झाला होता. त्यातल्या एकातून पिल्लू आलं, एक गेलं. आता वाट बघायची.

नराचं म्हणशील तर आधीच्या घरी दुसरा गेको असणार, विचारून बघ. एकदा जोडी लागली की मादी शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि त्या हंगामात पुढच्या खेपांनाही वापरते. नर अजिबात नसतानाही मादी अंडी घालते, पण ती फोल. त्यामुळे दोन्ही शक्यता आहेत. आठवड्याभराने उजेडात धरून कळेल.

अण्णा_मिरजकर | १५ मार्च, सकाळी ८:०५

मला पालींमधलं काही कळत नाही, पण कोंबड्यांत आयुष्य गेलं. खुडूक कोंबडी (आयडी नव्हे, खरी) दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी उलटवते. आमच्या मशीनमध्येही ट्रे आपोआप कलतात. मग इथे उलटं का? विहीणबाईंचं काही चुकलं नाही असं माझं मत.

डॉ_चिमणी | १५ मार्च, सकाळी ९:३०

अण्णा, सासूबाईंचं कोंबडीपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. पक्ष्याच्या अंड्यात बलक दोन पिळदार दोरांनी टांगलेला असतो. अंडं कसंही फिरवा, गर्भ वरच्या अंगालाच येतो. न फिरवल्यास तो कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. सरपटणाऱ्यांच्या अंड्यात असे दोर नसतात. तिथे गर्भ पहिल्या दिवसात वरच्या बाजूला जाऊन पापुद्र्याला चिकटतो, आणि ते चिकटणंच त्याला हवं असतं. नंतर अंडं उलटलं की गर्भ बलकाखाली जातो, नाजूक रक्तवाहिन्या ताणतात किंवा तुटतात.

वेळासला कासवं बघायला गेला असाल तर आठवा. घरट्यातली अंडी कुंपणात हलवताना तिथली माणसं किती जपून हाताळतात आणि पुरल्यावर हातही लावत नाहीत. तेच इथे.

तुमचं ३७.५ अंशांचं कोंबडीचं मशीन तसंच्या तसं वापरलंत तर गेकोची अंडी शिजतील. यांना २८ अंशांच्या आसपासची ऊब पुरते.

अण्णा_मिरजकर | १५ मार्च, सकाळी ९:४४

समजलं डॉक्टर. आमच्याकडे कोंबडी सोडून गेली तर अंडी गारठतात. ही पाल घालून निघूनच जाते म्हणजे!

पालवी | १५ मार्च, दुपारी १:१५

व्हर्मिक्युलाइट आणलं. पाणी किती घालू? नेटवर प्रत्येकजण वेगळं सांगतो.

खुडूक_कोंबडी | १५ मार्च, दुपारी २:१०

वाटीने मोजू नकोस, वजनाने मोज. स्वयंपाकाचा डिजिटल काटा आहे ना? कोरडं व्हर्मिक्युलाइट ६० ग्रॅम घेतलंस तर पाणी ५० ग्रॅम. कोणी समसमान घेतात, तेही चालतं. मी जरा कमी घेते, कारण माझी जास्त अंडी ओलीने गेली आहेत, कोरडीने नाही. मुठीत दाबलं तर मुटका व्हावा, पण बोटांच्या फटीतून पाणी ठिबकू नये.

डबा उथळ नको. मिश्रण दोन-तीन इंच भर, अंगठ्याने दोन खळगे कर, अंडी अर्धी बुडतील इतकी बसव, फुली वर. एकमेकांना चिकटवू नकोस, एक खराब झालं तर बुरशी दुसऱ्यावर चढते. (दोन अंडी घालतानाच एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवायचीही नाहीत. तुझी सुटी आहेत, छान.) झाकणाला टाचणीने दोन भोकं पुरेत. आठवड्यातून एकदा झाकण उघडून वारा घाल, तेवढाच प्राणवायू बदलतो.

सगळं झालं की झाकणासकट वजन करून डब्यावर लिहून ठेव. पुढे वजन उतरलं तर तेवढंच पाणी कडेने घालायचं, अंड्यावर नाही.

नव्वद_टक्के | १५ मार्च, दुपारी ३:००

इतकं कशाला? माझ्या मित्राने कपाटात शूजच्या खोक्यात ठेवली होती, तीन महिन्यांनी पिल्लू बाहेर.

खुडूक_कोंबडी | १५ मार्च, दुपारी ३:०४

येतातही. किती गेली ते मित्राने सांगितलं नसेल.

सदू_डॅलस | १५ मार्च, संध्याकाळी ६:३०

मशीनबद्दल माझे दोन पैसे. दीडशे-दोनशे डॉलरचं घ्यायची गरज नाही. जाड थर्माकोलची पेटी घ्या, मटण-मासे पार्सल येतात तसली. आत तळाला हीट केबल, ती थर्मोस्टॅटला जोडलेली. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या आत आडव्या ठेवा. पाणी लवकर तापतही नाही आणि लवकर निवतही नाही, त्यामुळे पारा डोलत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांच्या डब्याशेजारी, त्याच उंचीवर. आणि शेजारी स्वतंत्र थर्मामीटर हवाच. थर्मोस्टॅट दाखवतो त्यावर विसंबू नका, माझा तीन अंशांनी खोटं बोलत होता. रिकामी पेटी एक दिवस चालवून बघा, मगच अंडी आत. तोपर्यंत ती घरात २३-२४ अंशांवर राहिली तरी बिघडत नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात टेक्सासभर लाखो घरांची वीज गेली तेव्हा माझ्या पेटीत चार अंडी होती. घरात आम्हीच जॅकेट घालून झोपलो होतो. गॅसवर पाणी तापवून बाटल्या बदलत राहिलो, तरी पहाटे पेटीत २० अंश. सोडून दिली होती. चारांपैकी तीन फुटली, अपेक्षेपेक्षा दोन आठवडे उशिरा. थंडीत वाढ मंदावते इतकंच. याउलट एका उन्हाळ्यात गॅरेजमध्ये पेटी विसरलो, ३६ च्या वर गेली, सगळी संपली.

पालवी | १६ मार्च, रात्री ८:००

पेटी झाली! बाटल्यांच्या मध्ये डबा. मुलगा विचारतोय, किती अंशांवर ठेवलं की मुलगी होते? हे खरं आहे का? आणि इथे लिंगनिदान कायदा लागू नाही ना 😄

डॉ_चिमणी | १६ मार्च, रात्री ९:१५

खरं आहे, आणि तुमच्या गावातच यावर भरपूर काम झालंय. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये डेव्हिड क्रूझ यांच्या प्रयोगशाळेने लेपर्ड गेकोचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९९३ साली आलेल्या त्यांच्या निबंधातले आकडे आजही सगळे पाळणारे वापरतात. २६ अंशांना जवळजवळ सगळ्या माद्या. ३० ला दोन्ही, पण माद्या जास्त. ३२.५ ला नर जास्त, चारात तीनच्या आसपास. गंमत म्हणजे ३४ ला पुन्हा जवळजवळ माद्याच. आपल्यासारखी एक्स-वाय गुणसूत्रं नाहीतच यांच्यात, सुरुवातीच्या आठवड्यांतली ऊबच ठरवते.

पण म्हणून ३४ ला ठेवू नका. तिथून मरणाची हद्द जवळ आहे, शिवाय जास्त उष्णतेत वाढलेल्या माद्या जास्त आक्रमक होतात असं याच प्रयोगशाळेला दिसलं होतं.

कासवांत आणखी वेगळं, तिथे उष्ण वाळूत माद्या. म्हणून वाळू तापत चालली की कासवांच्या अभ्यासकांची झोप उडते.

खुडूक_कोंबडी | १६ मार्च, रात्री ९:३०

पालवी, २८ वर लाव (८२ फॅरनहाइट) आणि विसरून जा. जास्त करून माद्या होतील, दोन महिने लागतील. ३२ ला सहा आठवड्यांत फुटतात, पण घाई कोणाला आहे? माझा अनुभव, सावकाश आलेली पिल्लं दणकट असतात.

सह्यवेडा | १७ मार्च, सकाळी ७:२०

नाशिकहून वाचतोय. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, लेपर्ड गेकोची भावंडं आपल्याकडेही आहेत. २०१४ साली सातपुड्यातून एक नवीन प्रजाती शास्त्रज्ञांनी नोंदवली. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर रात्री डोंगरवाटेवर टॉर्चच्या उजेडात एक भेटली. पापण्या मिचकावत माझ्याकडे बघत होती. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. भिंतीवर चढता येत नाही, बोटांना चिकटपट्ट्याच नाहीत. लोक विषारी समजून दगडाने ठेचतात, आणि ती बिचारी कोणाला काही करत नाही.

कोणी हा धागा वाचून डोंगरातून उचलून आणायचा विचार करत असेल तर कृपया नको. वन्यजीव कायदा आहे, आणि पालवीताईंकडची अमेरिकेत पिढ्यानपिढ्या पाळलेली आहे, दोन्हींत फरक आहे.

पालवी | २० मार्च, रात्री १०:०५

उजेडात बघितलं! खोलीत अंधार करून, अंडं न उचलता, मोबाइलचा टॉर्च बाजूने लावला. एक अंडं गुलाबी, आणि आत बारीक लाल रेषांचं कडं, शेवेच्या पिळासारखं. मुलगा ओरडला म्हणून शेजारी उठले. दुसरं नुसतं पिवळट, काही रेषा नाहीत, थोडं लिबलिबीत. हे फोल का? फेकू का? आधीच्या घरी फोन केला. "हो, त्यांच्याबरोबर अजून एक होता ना!" असं शांतपणे सांगितलं.

खुडूक_कोंबडी | २० मार्च, रात्री १०:३०

अभिनंदन! लाल कडं म्हणजे जीव आहे. आता उजेड रोज लावू नका, मोह आवरा.

पिवळं बहुतेक फोल, पण फेकू नकोस. कधीकधी उशिरा रंग धरतं. वेगळ्या डब्यात घालून बाजूला ठेव. खराब असेल तर स्वतःच सांगेल, बुरशी येईल, घाम फुटेल, वास सुटेल. चांगल्या अंड्यावर कधी पांढरी बुरशी दिसली तर कानकोरणीच्या कापसाने पुसायची, घाबरायचं नाही.

डॉ_चिमणी | २१ मार्च, सकाळी ८:४०

सगळे अंड्यांवर तुटून पडलेत, आईबद्दल कोणी विचारलं का? शेवंतीचं वजन किती? या माद्या एका हंगामात दोन-दोन अंड्यांच्या कितीतरी खेपा घालतात, दोन-चार आठवड्यांच्या अंतराने. प्रत्येक अंड्याचं कॅल्शियम तिच्या शरीरातून जातं. पिंजऱ्यात शुद्ध कॅल्शियम पावडरची छोटी वाटी कायम ठेवा, ती स्वतः चाटते. किड्यांवरही भुरभुरवा, डी-थ्री जीवनसत्त्व असलेलं ठरलेल्या दिवशीच. शेपटी बघा, चरबीची तिजोरी तिथेच असते. शेपटी बारीक होत असेल, किंवा पोट फुगलेलं असून अंडी बाहेर येत नसतील, खणते पण घालत नाही असं दिसलं, तर धाग्यावर विचारत बसू नका, सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरकडे न्या. अंडं अडकून मादी दगावते.

पालवी | २१ मार्च, दुपारी १२:१०

वजन ५४ ग्रॅम. शेपटी गुबगुबीत. कॅल्शियम आजच आणते, आधी फक्त जेवणावर घालत होतो. आणखी खेपा येणार हे ऐकून नवरा गंभीर झालाय.

नव्वद_टक्के | २१ मार्च, दुपारी १२:३०

गंभीर कशाला, विका की! इथे रंगीत पिल्लं शेकडो डॉलरला जातात.

सदू_डॅलस | २१ मार्च, संध्याकाळी ७:००

अहो नव्वद टक्के, साधी पिल्लं कोणी वीस-तीस डॉलरलाही घेत नाही. आणि रंगांच्या मागे लागून काय झालं ते बघा. 'लेमन फ्रॉस्ट' म्हणून पिवळाधमक रंग काढला, लोक वेडे झाले. पुढे त्या गेकोंना कातडीवर गाठी येऊ लागल्या. २०२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की रंग आणि गाठी दोन्ही एकाच जनुकापाशी जाऊन पोचतात. 'एनिग्मा' रंगाच्या पिल्लांना तोल सावरत नाही, गोल गोल फिरतात. विकण्यासाठी नाही, घरासाठी उबवताय हे उत्तम. पुढच्या खेपा नको असतील तर अंडी पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. निर्दय वाटतं, पण वीस वर्षं जगणारी दहा पिल्लं कोण सांभाळणार?

पालवी | ३ एप्रिल, सकाळी ६:२०

मोठा गोंधळ. रात्री मुलाने बघायला झाकण उघडलं, सेन्सरची वायर निसटून पेटीबाहेर पडली. बाहेर २२ अंश, म्हणून थर्मोस्टॅटने रात्रभर केबल तापवली. सकाळी दुसऱ्या थर्मामीटरवर ९३ फॅरनहाइट, म्हणजे ३४. किती वेळ होतं कळत नाही. मुलगा रडतोय. गेलं का?

सदू_डॅलस | ३ एप्रिल, सकाळी ७:०५

बाटल्या होत्या ना आत? मग चढायलाच काही तास लागले असतील. ३४ ला काही तास झेपतात. एकदम गार करू नका, झाकण किंचित उघडून सावकाश २८ वर आणा. सेन्सर आता झिप-टायने आतल्या बाटलीला बांधा. चिकटपट्टी दमटपणात सुटते. आणि मुलाला सांगा, माझ्या हातून याहून मोठे घोळ झालेत.

पालवी | ५ एप्रिल, रात्री ९:००

लाल रेषा अजून आहेत! आणि शेवंतीने पहाटे दुसरी खेप घातली, दोन अंडी. तिसऱ्या खेपेपासून फ्रीझर, असं घरात ठरलंय. पिवळं अंडं काल निळसर बुरशीने भरलं, गुलाबाच्या कुंडीत पुरलं.

पालवी | ४ मे, रात्री ८:३०

चोपन्नावा दिवस. अंडं केवढं मोठं झालंय, कवच ताणून पातळ. पण आज वर खळगा पडलाय आणि त्यावर पाण्याचे थेंब. पाणी घालू?

खुडूक_कोंबडी | ४ मे, रात्री ८:४१

नको!! आता घाम सुटतो तो बाहेर यायच्या तयारीचा. शेवटच्या काही दिवसांत खळगा पडतोच. हात मागे बांधून बसा.

पालवी | ७ मे, रात्री ११:५०

अठ्ठावन्न तास वाटावेत असा सत्तावन्नावा दिवस. संध्याकाळी सातला कवचावर एक चीर, ब्लेडने मारल्यासारखी. मग दुसरी. आठ वाजता फटीतून नाक आलं आणि तिथेच थांबलं. नाकावर बुडबुडा, तो फुगतो, बसतो. दोन तास काही नाही. मुलगा म्हणे आई, अडकलंय, कात्रीने जरा कापू. मी हा धागा पुन्हा वाचत बसले.

डॉ_चिमणी | ७ मे, रात्री ११:५८

कापू नका. नाक बाहेर आहे म्हणजे श्वास घेतोय. आत बसून उरलेला बलक पोटात ओढून घेतोय. बाहेर काढलंत तर बलक बाहेर लोंबतो, रक्त जातं. एक दिवसही लागू शकतो. झोपा.

पालवी | ८ मे, सकाळी ६:४५

झोपलो नाही, अर्थात. पावणेचारला दोन ढकल्या देऊन संपूर्ण बाहेर! बोटाएवढं, काळे-पिवळे पट्टे, आईसारखे ठिपके अजिबात नाहीत. मी डब्यात हात घातला तर चार पायांवर उभं राहून, शेपूट हलवत, तोंड उघडून माझ्यावर ओरडलं. तीन ग्रॅमचा जीव! सासूबाईंना कॉल लावला, त्या म्हणाल्या, "अगो, हे तर भांडायलाच आलंय."

आता वेगळ्या डब्यात पेपर टॉवेलवर ठेवलंय, ओल्या मॉसचा कोपरा आणि पाण्याचं झाकण दिलंय. खायला काय, कधी?

खुडूक_कोंबडी | ८ मे, सकाळी ७:३०

आज काही देऊ नकोस, पोटात बलक आहे. एक-दोन दिवसांत पहिली कात टाकेल आणि ती स्वतःच खाऊन टाकेल. त्यानंतर छोटे रातकिडे, डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नकोत, कॅल्शियम लावून. न खाल्लेले रात्री काढून घे, ते पिल्लाला चावतात. आईजवळ अजिबात ठेवू नकोस.

नर की मादी ते काही महिन्यांनी पोटाखाली बघून कळेल. ३ एप्रिलच्या त्या रात्रीनंतर पैज लावणार नाही.

अण्णा_मिरजकर | ८ मे, सकाळी ८:१०

फोटो टाका की ताई. आणि दुसऱ्या खेपेची फुली वर आहे ना?

पालवी | ८ मे, सकाळी ८:१४

वर आहे अण्णा. सेन्सर दोन ठिकाणी बांधलाय. पिल्लाचं नाव मुलाने आधीच ठरवलंय, रातकिडा. ते पहिल्या जेवणानंतर बदलावं लागेल असं दिसतंय.